घरच्या जेटीवर कमी व्होल्टेजचे दिवे: ट्रान्सफॉर्मर कुठे ठेवावा आणि तार किती जाड घ्यावी?

काठावरचे_घर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घराची मागची बाजू गोड्या पाण्याच्या जलाशयाला लागून आहे आणि तिथे आम्ही लहान बोटीसाठी लाकडी जेटी बांधली आहे. काठापासून १८ मीटरचा भाग खांबांवर स्थिर आहे आणि त्यापुढे बिजागरीने जोडलेला ६ मीटरचा तरंगता भाग आहे. पाण्याची पातळी वर्षभरात बरीच वरखाली होते, त्यामुळे हा तरंगता भाग कधी स्थिर भागाच्या सपाटीला असतो, तर कधी त्यावर उतरताना चांगलाच उतार लागतो. अंधार पडल्यावर बोट लावताना फळ्यांची कड आणि बिजागरीजवळची फट नीट दिसत नाही. म्हणून दिवे हवे आहेत.

गेल्या वर्षी बागेसाठी मिळणारी १२ व्होल्टची तयार माळ लावून पाहिली. सुरुवातीपासूनच शेवटचे चार दिवे मंद होते आणि पावसाळा संपता संपता दोन दिवे पूर्ण बंद पडले. जोड उघडून पाहिले, तेव्हा टेपच्या खाली पाणी साचलेले होते आणि तांब्यावर हिरवा कळंक चढला होता.

आता नीट काम करायचे आहे. प्रत्येकी ३ वॉटचे १२ एलईडी दिवे, दर दोन मीटरवर एक, असा विचार आहे. स्थिर भागाच्या शेवटच्या खांबावर बोटीची बॅटरी चार्ज करण्यासाठी २३० व्होल्टचा सॉकेट आधीपासून बसवलेला आहे. त्याच्याच शेजारी ट्रान्सफॉर्मर बसवला, तर तार कमी लागेल असे वाटते. घराच्या भिंतीपासून काठापर्यंत आणखी १२ मीटर अंतर आहे. ट्रान्सफॉर्मर कुठे असावा, तार किती जाडीची घ्यावी आणि जोड कसे करावेत, हे अनुभवी मंडळींनी सांगावे. उन्हाळ्यात मुले जेटीवरून पाण्यात उतरतात. पण दिवे १२ व्होल्टचेच असल्यामुळे धोक्याचा प्रश्न येत नाही, असे मी गृहीत धरले आहे.

तारतंत्री

आपल्या प्रश्नातील शेवटचे वाक्य वाचून मी इतर सगळे बाजूला ठेवून आधी त्या सॉकेटबद्दल लिहितो. दिव्यांच्या १२ व्होल्टबद्दल आपले गृहीतक बव्हंशी बरोबर आहे. पण ज्या खांबावर २३० व्होल्ट आहेत त्याच्या आसपास मुले पोहतात, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते. कृपया आजच तो सॉकेट घरातील मुख्य बोर्डावरून बंद करा, आणि दिव्यांचे काम होईपर्यंत तो सुरू करू नका.

कारण असे आहे. सॉकेटमध्ये, चार्जरमध्ये किंवा बोटीतील वायरिंगमध्ये दोष निर्माण होऊन वीज पाण्यात पाझरू लागली, की तिथल्या पाण्यात विद्युतदाबाचा उतार तयार होतो. खारे पाणी शरीरापेक्षा चांगले वाहक असल्यामुळे समुद्रात प्रवाह बहुतांशी माणसाला वळसा घालून जातो. गोडे पाणी मात्र शरीरापेक्षा कमी वाहक असते, म्हणून त्या उतारात आलेल्या पोहणाऱ्याच्या शरीरातूनच प्रवाह वाट काढतो. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायूंवरचा ताबा सुटू लागतो, म्हणजे उत्तम पोहता येणारा माणूससुद्धा हात-पाय हलवू शकत नाही आणि बुडतो. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. पाणी नेहमीसारखेच असते. असे कधी घडलेच, तर मदतीसाठी पाण्यात उडी मारू नये. आधी मेन स्विच बंद करावा, पोहणाऱ्याला जेटीपासून दूर जायला ओरडून सांगावे आणि लांब लाकडी काठी किंवा दोर फेकावा.

म्हणून ट्रान्सफॉर्मर जेटीवर नको. तो घराच्या भिंतीवर, पुराच्या पाण्याची आजवरची सर्वांत उंच खूण असेल तिच्याही वर आणि पावसाच्या थेट माऱ्यापासून दूर बसवावा, म्हणजे जेटीवर दिव्यांसाठी २३० व्होल्टची तारच जाणार नाही. त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज बाहेर पाझरू लागताच पुरवठा तोडणारा स्विच हवा आणि त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो खरोखर पुरवठा तोडतो याची खात्री करायला हवी. ट्रान्सफॉर्मर किंवा एलईडी ड्रायव्हर घेताना तो सुरक्षा-विलगीकरण असलेलाच, म्हणजे आयईसी (आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोग) ६१५५८-२-६ या मानकाचा किंवा वेष्टनावर एसईएलव्ही (मुख्य पुरवठ्यापासून अलग केलेला सुरक्षित कमी दाब) असे स्पष्ट लिहिलेला घ्या. अशा उपकरणात मुख्य पुरवठ्याची आणि कमी दाबाची गुंडाळी एकमेकींपासून पूर्ण अलग असतात. काही स्वस्त अडॅप्टरमध्ये ही विलगता नावापुरतीच असते आणि आतील एक भाग जळला, की १२ व्होल्टच्या तारेवर २३० व्होल्ट येऊ शकतात. कमी दाबाच्या बाजूची कोणतीही तार अर्थिंगला जोडू नये; ती बाजू जमिनीपासून अलगच ठेवायची असते.

आता तारेकडे येतो. आपले दिवे एकूण ३६ वॉटचे आहेत, म्हणजे १२ व्होल्टवर प्रवाह ३ अँपिअर. पहिल्या १२ मीटरमधून पूर्ण प्रवाह जातो आणि पुढच्या २४ मीटरमध्ये दिवे सारखे विखुरलेले असल्यामुळे त्या भागाचे निम्मे अंतर धरले तरी चालते. एकंदर २४ मीटर. तांब्याची रोधकता (विजेला होणारा अडथळा) ०.०१७५ धरून जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही तारांचा हिशेब केला, तर १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे १.७ व्होल्ट पडतात, म्हणजे १४ टक्के. आपल्या माळेतील तार बहुधा याहूनही बारीक असणार, म्हणून शेवटचे चार दिवे मंद होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत १ व्होल्ट, म्हणजे ८.४ टक्के पडतात, आणि ही घट साडेतीन टक्क्यांवर आणायची, तर ६ चौरस मिलिमीटरची जाड तार लागते, जी दिव्यांच्या छोट्या जोडांत बसवणे जिकिरीचे होते.

त्यापेक्षा २४ व्होल्टचे दिवे घ्या. तेवढ्याच वॉटला प्रवाह निम्मा होतो आणि दाबाची टक्केवारीतील घट चौपटीने कमी होते, तीच २.५ चौरस मिलिमीटरची तार, पण घट फक्त २.१ टक्के. २४ व्होल्ट डीसी ओल्या जागीही मान्य मर्यादेत बसतो. जलतरण तलावांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमात प्रत्यक्ष पाण्याच्या आतील भागाला १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसी ही कमाल मर्यादा दिलेली आहे.

बोट_दुरुस्ती

वरील उत्तरातील विजेच्या भागाशी मी पूर्णपणे सहमत आहे. मी जोडांबद्दल लिहितो, कारण जेटीवरचे दिवे तारेच्या जाडीमुळे मंद होतात, पण बंद पडतात ते नेहमी जोडामुळे.

आपण टेपखाली कळंक पाहिला; तारेवरचे आवरण आणखी थोडे सोलून पाहिले असते, तर खरे नुकसान दिसले असते. गेल्या महिन्यात एका जेटीवरची अशीच तार मी कापली. जोडाजवळ हिरवी पूड होती, ती खरवडून तार पुढे पुढे सोलत गेलो, तर हातभर अंतरावरही आतील तांबे काळेच होते आणि बोटांत चुरगाळल्यावर धागे तुटत होते. उघड्या टोकातून पाणी बारीक धाग्यांमधून वातीत तेल चढावे तसे चढत जाते. अशा तारेवर नवा जोड कितीही चांगला केला, तरी काळ्या तांब्यावर तो टिकत नाही; लख्ख तांबे लागेपर्यंत तार कापावी लागते, किंवा बदलावी लागते.

म्हणून तार कलई केलेल्या तांब्याची, बारीक धाग्यांची, बोटीत वापरतात ती घ्यावी. प्रत्येक धाग्यावर कलईचा थर असल्यामुळे पाणी शिरले तरी तांबे लवकर काळवंडत नाही. जोडासाठी पिळा देऊन टेप गुंडाळणे पूर्ण वर्ज्य. योग्य मापाचा लग (तारेच्या टोकावर बसणारी धातूची टोपी) किंवा नळी घेऊन ती दातेरी पक्कडीने, म्हणजे पूर्ण दाब बसल्याशिवाय न उघडणाऱ्या क्रिम्पिंग टूलने दाबावी, जोड हाताने जोरात ओढून पाहावा आणि मग त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे उष्णतेने आक्रसणारी नळी चढवावी. गरम केल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाची बारीक गोल कड बाहेर आलेली दिसली पाहिजे. ती दिसली नाही, तर जोड बंद झालेला नाही असे समजून पुन्हा करावा. नुसत्या डागावर (सोल्डरिंगवर) भिस्त ठेवू नये, कारण वितळलेला डाग तारेत चढून तिथला तुकडा कडक होतो आणि लाटांच्या हालचालीने नेमका तिथेच मोडतो.

दिव्यांवरील आयपी आकड्याबद्दलही, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षण किती ते सांगणाऱ्या आकड्याबद्दलही गैरसमज असतो. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची चाचणी. वर्षभर ऊन, लाटा आणि शेवाळ सोसण्याची ती हमी नाही. दिवा तासभर लागून गरम होतो, त्यावर थंड पाणी उसळते, आतील हवा आक्रसते आणि दिवा जिथून मिळेल तिथून पाणी ओढून घेतो, बहुतेक वेळा केबलच्या मार्गाने. आतून पूर्ण रेझिन भरलेले आणि केबल आधीच ओतून पक्की केलेले आयपी ६८ दिवे घ्या, आणि जोड दिव्याच्या पातळीपेक्षा वर, फळ्यांच्या खालच्या तुळईला लावलेल्या डबीत करा. केबल डबीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी डबीत न जाता झोळाच्या तळाशी गळून जाते. स्क्रू ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे असावेत आणि दिव्याचे आवरण अॅल्युमिनियमचे असेल, तर मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत, अन्यथा स्टील शाबूत राहते आणि अॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झिजते. तांबेयुक्त औषध पाजलेल्या लाकडावर अॅल्युमिनियम थेट टेकवू नये, त्याचेही हेच कारण.

आणखी एक गोष्ट बोटीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १२ किंवा २४ व्होल्टने माणसाला सहसा इजा होत नाही. पण डीसी प्रवाह पाण्यात पाझरत राहिला, तर तो शेजारी बांधलेल्या बोटीचा पाण्याखालचा पंखा, त्याचा दांडा आणि इतर धातूच्या आधी झिजावेत म्हणून लावलेले जस्ताचे गट्टू झपाट्याने खातो. एक तार उघडी पडली तर परतीचा मार्ग नसल्यामुळे काही होत नाही; दोन्ही उघड्या पडल्या की झीज सुरू होते. त्यामुळे दिवे जेटीवरच्या बटणाने बंद न करता काठावरून दोन्ही तारा तोडणाऱ्या स्विचने बंद करा. दिवसभर तारेत दाबच नसेल, तर हा त्रास दिव्यांच्या चार-सहा तासांपुरता मर्यादित राहतो.

काठावरचे_घर

दोघांचेही मनापासून आभार. सॉकेट कालच बंद केला. वायरमनने पाहिले, तेव्हा त्या लाइनवर आरसीसीबी नव्हताच आणि सॉकेटच्या खोक्यात मुंग्यांचे वारूळ व ओलसर माती होती. मुले सहा महिन्यांपूर्वी त्याच खांबाला धरून पाण्यात उतरत होती, हे आठवून रात्री झोप लागली नाही.

दोन शंका उरल्या आहेत. बिजागरीवरून तरंगत्या भागाकडे केबल कशी न्यावी? आणि मुख्य पुरवठा अजिबात न आणता सौर पॅनेलवर हे सगळे चालेल का?

पहाटेचे_वल्हे

मी वीजकाम करत नाही, पण रोज उजाडण्यापूर्वी पाण्यात वल्हे घालतो आणि काठावरच्या जेटींचे दिवे पाण्याच्या बाजूने पाहतो. ती बाजू या चर्चेत अजून आलेली नाही, म्हणून लिहितो.

पुढे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर थेट येणारा दिवा हा अंधारापेक्षा वाईट असतो. डोळ्यांना अंधाराची सवय पूर्णपणे व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका उघड्या दिव्याने ती क्षणात जाते. मग जेटी तर दिसते, पण तिच्या अलीकडे तरंगणारा ओंडका दिसत नाही. दिवे कठड्यावर किंवा उंच खांबावर न लावता फळ्यांच्या कडेला, गुडघ्याच्या खाली, वरून झाकलेले आणि प्रकाश फक्त फळीवर पाडणारे असे लावा. बोटीत बसलेल्या माणसाला दिव्याचा गोळा दिसता कामा नये, उजळलेली फळी दिसली पाहिजे.

रंगाबाबतही काळजी घ्यावी. लाल, हिरवा आणि पांढरा हे बोटींच्या मार्गदर्शक दिव्यांचे रंग आहेत. समुद्रातील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत, त्या दिव्यांशी गल्लत होईल असे इतर दिवे बोटींनी लावू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. आपला जलाशय समुद्र नाही, पण गल्लत तशीच होते. जेटीच्या एका बाजूला शोभेचा लाल आणि दुसऱ्या बाजूला हिरवा दिवा लावलेला मी पाहिला आहे. दुरून समोरून बोट येत आहे असे वाटून मी वाट बदलली होती. २७०० केल्विनचा किंवा त्याहून पिवळसर प्रकाश घ्या. त्यावर किडेही कमी येतात, कारण बहुतेक उडणारे किडे निळ्या आणि अतिनील प्रकाशाकडे अधिक ओढले जातात. किडे कमी म्हणजे कोळ्यांची जाळी कमी.

आणि ३ वॉट कशाला? झाकलेला १ वॉटचा एलईडी दिवा दोन मीटर फळी पायाखाली दिसण्यापुरती सहज उजळतो. रात्री एखादा दिवा फळीवर धरून, पाण्यातून बोटीने येऊन पाहा आणि मग ठरवा.

तारतंत्री

वरील सूचनेने माझा हिशेब बदलतो आणि तो बदललेला मला आवडला. एकूण १२ वॉट म्हणजे १२ व्होल्टवर फक्त १ अँपिअर. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत, घराच्या भिंतीपासून धरले तरी, घट ०.३४ व्होल्ट, म्हणजे २.८ टक्के. तेव्हा २४ व्होल्टचा माझा आग्रह मी मागे घेतो. या भाराला १२ व्होल्ट पुरेसे आहेत, आणि १२ व्होल्ट म्हटले की सौर बॅटरी सरळ जोडता येते.

रोज सहा तास धरले, तर ७२ वॉट-तास लागतात. तीन दिवस ऊन पडले नाही असे समजून २१६ वॉट-तास साठवावेत. १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी २५६ वॉट-तासांची असते, ती चालेल. शिशाची बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करू नये, म्हणून ती घ्यायची, तर ४० अँपिअर-तासांची हवी. बॅटरीची पेटी काठावर, पुराच्या खुणेच्या वर ठेवा. बॅटरीच्या धन टोकाजवळ, वीतभर अंतराच्या आत, ३ अँपिअरचा फ्यूज अवश्य लावा. तारा शॉर्ट झाल्यावर ट्रान्सफॉर्मरचा प्रवाह मर्यादेत राहतो, बॅटरीचा राहत नाही. ती शेकडो अँपिअर ओतते आणि तार पेटते. पाण्याजवळ आहे म्हणून लाकडी जेटी जळत नाही, असे नाही.

बोटीच्या चार्जरसाठी मात्र सॉकेट लागणारच. तो काठावर, पाण्यापासून शक्य तितका मागे, त्याच्या स्वतःच्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर घ्या. आयईसी ६०३६४ च्या ७०९ या मरीनासाठीच्या (बोटी बांधून ठेवण्याच्या धक्क्यांसाठीच्या) भागात प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र संरक्षण सांगितले आहे आणि ते योग्यच आहे, कारण दोष अनेकदा जेटीत नसून बोटीत असतो. चार्जर लावलेला असताना कोणीही पाण्यात उतरणार नाही, हा नियम घरात सर्वांना सांगून ठेवा.

बोट_दुरुस्ती

बिजागरीबद्दल: तिथे स्थिर तार चालत नाही. रबराच्या आवरणाची लवचीक केबल घ्या आणि पाणी सर्वांत खाली असताना जितकी लागेल त्याहून दीड हात जास्त ठेवा. झोळ बिजागरीच्या बाजूला, आतल्या अंगाला सोडा, म्हणजे पाणी वर आल्यावर तो दोन भागांच्या फटीत चेपला जाणार नाही. झोळाच्या दोन्ही टोकांना केबल क्लॅम्पने फळीला आवळा. ओढ क्लॅम्पवर आली पाहिजे, जोडावर नाही. आणि तरंगत्या भागाच्या सुरुवातीला पाणबंद, फिरवून घट्ट होणारा प्लग ठेवा. पूर आला आणि तो भाग सोडवावा लागला, तर घाईत कोणी केबल कापणार नाही.

काठावरचे_घर

काम पूर्ण होऊन तीन आठवडे झाले. १ वॉटचे १२ दिवे, सौर बॅटरी काठावरच्या पेटीत, सॉकेट जेटीवरून काढून काठावर घेतला. सगळे दिवे लावून मोजले, तेव्हा पेटीत १३.२ व्होल्ट आणि शेवटच्या दिव्यावर १३.० व्होल्ट मिळाले. सांगितल्याप्रमाणे रात्री बोटीतून पाहिले, तर सातव्या दिव्याचा गोळा थेट डोळ्यांवर येत होता. तो तुळईवर दोन बोटे खाली सरकवला.

तारतंत्री

०.२ व्होल्टची घट हिशेबाला धरून आहे. पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस हे दोन्ही आकडे आणि आजची तारीख लिहून ठेवा. पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. शेवटच्या दिव्यावरची घट अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेली, तर पेटीपासून एकेक दिवा मोजत चला. आकडा जिथे एकदम उतरेल, तिथला जोड उघडा.